पाहुणा द्राक्षं थुंकतो

वरच्या खोलीत सफरचंदं होती. ती काढून तिथे पाहुणे ठेवायचे, ही कल्पना धाकट्याची.

‘खोली आहे, खोलीला खिडकी आहे, खिडकीत डोंगर आहे,’ तो म्हणाला. ‘लोक ह्याचे पैसे देतात, वहिनी.’

‘डोंगराचे?’

‘बघण्याचे.’

सुनेला हसू आलं. लग्न होऊन ह्या खोऱ्यात आल्यापासून तिनं डोंगराकडे बघितलं होतं ते ऊन गेलं का एवढंच पाहायला. चारी बाजूंनी डोंगर. त्यामुळे इथे सकाळ उशिरा व्हायची आणि दुपार लवकर संपायची, आणि दोरीवरचे कपडे कधी म्हणून कडकडीत वाळायचे नाहीत. पण वळणावर गाड्या थांबतात, आतली माणसं उतरून कमरेवर हात ठेवून ‘वा, वा’ म्हणतात, हे तिनंही पाहिलं होतं. एकदा एक बाई तिच्या वाळत टाकलेल्या गोधडीसकट डोंगराचा फोटो काढून गेली होती.

तर सफरचंदं जिन्याखाली आली. खोलीला चुना लागला. सुनेनं चादरी धुतल्या, आणि म्हातारीनं, म्हणजे तिच्या सासूनं, खोलीच्या दारात उभं राहून नाक उडवलं. ‘द्राक्षतोडणीच्या दिवसांत पाहुणे,’ ती म्हणाली. ‘अंगाला आग लागलेली असताना केस विंचरायला बसा.’

थोरला काही बोलला नाही. तो सुनेचा नवरा. तोडणी जवळ आली की तो असाही बोलत नसे. कात्रीला धार लावायचा, क्रेट धुवायचा, आभाळाकडे बघायचा.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पिंपवाला आला. घरच्या वापरापुरतं वाइनचं एक जुनं पिंप होतं, त्याच्या कड्या सैल झाल्या होत्या. पिंपवाला कडीवर हातोडी मारता मारता गावभरच्या गोष्टी सांगायचा. हातोडी थांबली की समजायचं, आता खरी बातमी आहे.

हातोडी थांबली.

‘वाइनच्या कारखान्यानं यंदा माणूस सोडलाय,’ तो म्हणाला. ‘साध्या कपड्यातला. पाहुणा म्हणून राहतो म्हणे, मळ्यात हिंडतो, द्राक्ष तोंडात टाकतो, चावतो आणि थुंकतो.’

‘थुंकतो कशाला?’ धाकट्यानं विचारलं.

‘गिळणारा तो गिऱ्हाईक. थुंकणारा परीक्षक. कोण मालात काय मिसळतं ते बघायला पाठवलाय. पलीकडच्या उतारावरची तीन घरं गेल्या साली काट्यावरूनच परत पाठवली, विसरलास का?’ एवढं बोलून त्यानं पुन्हा कडीवर हातोडी घातली.

कुणी विसरलं नव्हतं. त्या तीन घरांची द्राक्षं शेवटी जनावरांनी खाल्ली. वाइनचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? टिचभर, जाड सालीचं, निम्मं बीच. कारखान्यानं घेतलं तर ते द्राक्ष, नाही तर तो चारा.

आणि ह्या घरात मिसळत होते.

घराचे मळे दोन. एक डोंगरपट्टी, घराच्या वर, दगडगोट्यांत. तिथल्या वेली म्हाताऱ्या, घोस लहान, पण द्राक्ष असं की दोन बोटांनी दाबलं तर बोटं चिकटून बसतील. दुसरी नदीपट्टी, खाली, काळ्या ओल्या मातीत. तिथे घोस टपोरे, वजनदार, आंबूस, पाणचट. कारखान्याचा करार होता फक्त डोंगरपट्टीचा. तर काय करायचं, क्रेटच्या तळाला नदीपट्टीचे घोस आणि वर डोंगरपट्टीचे. घरात त्याला ‘मिसळणं’ असं कुणी कधी म्हटलं नाही. खालच्याला अंथरूण म्हणायचे आणि वरच्याला पांघरूण. सून नवी होती तेव्हा म्हातारीनंच तिला शिकवलं होतं: ‘अंथरूण जाड नको. हात घातला तर मनगट बुडेपर्यंत पांघरूणच लागलं पाहिजे.’ सासरे होते तेव्हापासूनचं ते. इतक्या वर्षांचं की ते खोटं आहे हे आठवायलासुद्धा जरा थांबावं लागे.

पिंपवाला गेल्यावर म्हातारी म्हणाली, ‘उद्या येणारे कोण आहेत?’

‘नवरा-बायको,’ धाकटा म्हणाला. ‘फिरायला येतायत.’

‘तोडणीतच बरं सुचलं फिरायला.’

थोरला उठून क्रेट धुवायला गेला.

*

पाहुणे आले ते दमून. पाहुणा उंच, खांदे पडलेले, हाताच्या आतल्या बाजूला भाजल्याच्या जुन्या खुणा. बाई बारीक, चटपटीत, बोलण्याची हौस असलेली. ‘काय सुंदर आहे हो तुमच्याकडे!’ ती अंगणात पाऊल टाकताच म्हणाली. पाहुण्यानं डोंगराकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि विचारलं, ‘मळ्यात फिरलं तर चालेल?’

म्हातारी आणि थोरला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

‘चालेल की,’ धाकटा म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी सून डोंगरपट्टीत पोचली तेव्हा दव होतं. ओल्या पानांत हात घातला की बाह्या कोपरापर्यंत भिजतात आणि गार पाणी काखेपर्यंत जातं. ती पहिल्या रांगेत वाकली, आणि वेलींच्या मधून तिला पलीकडच्या रांगेत पाहुण्याचे पाय दिसले. मग हात. हातानं घोसातलं एकच द्राक्ष खुडलं. ती तशीच वाकलेली राहिली. पाहुण्यानं डोळे मिटले, हळूहळू चावलं, बराच वेळ तोंडात घोळवलं. मग बाजूला वाकून थुंकला. रांगेच्या टोकाशी त्याची बायको उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं नाही अशी मान हलवली. तो पुढच्या वेलीकडे गेला.

सुनेनं कात्री खिशात घातली आणि रिकाम्या हातानं घरी आली.

‘थुंकतोय,’ ती म्हणाली.

म्हातारीनं चुलीवरचं पातेलं उतरवलं. ‘गिळलं नाही एकही?’

‘एकही नाही. आणि बायकोला खुणा करतोय.’

थोरल्यानं चहाचा कप खाली ठेवला. ‘यंदा अंथरूण नाही,’ तो म्हणाला. तोडणी जवळ आल्यापासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य.

*

प्रामाणिक तोडणी करायची म्हणजे किती काम असतं, हे त्या घराला माहीत नव्हतं. क्रेट भरतच नसे. नदीपट्टीचे चार घोस टाकले की तळ झाकला जायचा; डोंगरपट्टीचे घोस टाकत राहा, टाकत राहा, आणि क्रेट आपला आ करून बसलेला. दगडांत बसून बसून सुनेच्या ढोपरांना खळगे पडले. रसानं बोटांच्या चिरा झोंबायला लागल्या, गांधीलमाश्या कात्रीवर येऊन बसायला लागल्या. धाकटा दर फेरीला क्रेट उचलताना कण्हायचा, आणि पाहुणा जवळपास दिसला की कण्हणं बंद करून गाणं म्हणायचा.

‘गाणं कशाला?’ थोरल्यानं खालच्या आवाजात विचारलं.

‘मन साफ असलेला माणूस गातो.’

‘तू गातोस ते ऐकून कुणाला तसं वाटणार नाही.’

म्हातारी शेवटच्या रांगेशी पाटावर बसून घोस निवडायची. एरवी कुजका मणी दिसला तर ती तो आत दाबायची. आता कातरून बाजूला टाकायची आणि पाहुणी ऐकेल अशा बेतानं म्हणायची, ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच हो. स्वच्छ.’ पाहुणी म्हणायची, ‘किती छान!’ म्हातारीला त्या ‘किती छान’मध्ये काहीतरी दिसायचं. ‘हसून बोलणारी बाई,’ ती रात्रीच्या जेवणाला सुनेच्या कानात म्हणाली, ‘हसू कुठे थांबतं ते बघत जा.’

सगळं घरच आता बघत होतं. पाहुण्याच्या चपला दाराशी कुठल्या दिशेला काढलेल्या आहेत, बाई फोनवर बोलताना आवाज का लहान करते, पाहुणा जेवताना मान खाली का घालतो. जेवणात तर काही खोट काढायला जागाच नव्हती. सून भाजीत तेल सढळ हातानं घालत होती. पाहुणा सगळं खायचा आणि प्रत्येक वेळी एकाच आवाजात म्हणायचा, ‘छान होतं.’ ते ऐकून घर आणखीच घाबरायचं. जो भाजीतलं मीठ कमी-जास्त झालेलं बोलून दाखवत नाही, तो काय काय मनात ठेवत असेल!

पण खरी गाठ बसली ती धाकट्याच्या तोंडामुळे. संध्याकाळी पाहुणे नदीकडे फिरायला निघाले. धाकटा वाट दाखवायला बरोबर. वाटेत नदीपट्टी. टपोरे घोस वेलींवरून नुसते लोंबत होते, एकही तोडलेला नाही.

‘हा मळा कुणाचा हो?’ पाहुणीनं विचारलं. ‘इतका भरलाय आणि तोडत नाहीत?’

‘शेजाऱ्यांचा,’ धाकटा म्हणाला.

झालं. आता त्या मळ्यात पाऊल टाकायची सोय उरली नाही. पाहुणे रोज संध्याकाळी तिथूनच फिरायला जात आणि सकाळी खिडकीतून त्यांना सगळी पट्टी दिसत असे. खिडकी मोठी करून घ्यायची हौसही धाकट्याचीच.

‘कारखान्याला देणार नव्हतोच, पण घरच्या पिंपाला तरी तोडली असती,’ म्हातारी करवादली. ‘स्वतःच्या मळ्याला शेजाऱ्याचा म्हणतोस, शेजाऱ्याला कळलं तर तो खरंच तोडून नेईल.’

‘पाहुणे गेले की तोडू, आई.’

‘आभाळ पाहुण्यांना विचारून येतं का?’

*

आभाळ आलं. आधी डोंगरांची टोकं गेली, मग मधला उतार गेला, मग नुसतं पांढरं उरलं आणि त्यातून बारीक पाऊस. जोराचा नव्हता. पण पिकलेल्या द्राक्षाला बारीकच पाऊस वाईट. वेल खालून पाणी ओढते, साल तणावते आणि उकलते. डोंगरपट्टीत दगडांतून पाणी निघून जातं. नदीपट्टीत ते बसून राहतं. सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघत होती आणि तिला एवढ्या लांबून ती द्राक्षं उकलताना ऐकू येतायत असं वाटत होतं.

डोंगरपट्टीची पहिली खेप तयार होती, ट्रॉलीवर ताडपत्रीखाली. जेवून थोरला आणि ती कारखान्यावर नेणार होते.

पाहुणी स्वयंपाकघरात आली आणि न विचारताच बटाटे सोलायला बसली.

‘तुम्ही फार कष्ट करता, ताई,’ ती म्हणाली.

‘सगळेच करतात,’ सून सावधपणे म्हणाली.

पाहुणीनं दुसरा बटाटा घेतला. साल अगदी पातळ निघत होती तिची, एकसलग. मग ती म्हणाली, ‘एक सांगू? ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, मी बोलले म्हणून. त्यांना चव लागत नाही. तापात पडले होते, त्यातून उठले ते असे. जीभ गेली, नाक गेलं. आमची बेकरी आहे. पाव भट्टीत जळतो आणि हे शेजारी उभे. लोकांना कळलं तर कोण येईल दुकानात? म्हणून कुणाला सांगत नाही. लग्न झाल्यावर आम्ही इथे आलो होतो, तेव्हा हे म्हणाले होते, इथलं नुसतं पाणीसुद्धा गोड आहे. म्हणून म्हटलं, चला. कदाचित इथे काहीतरी जिभेला लागेल. रोज मळ्यात जातात, एकेक द्राक्ष चावून बघतात, थुंकून टाकतात. काही नाही. थंड आहे, एवढंच कळतं म्हणतात.’

सुनेचे हात थांबले.

ह्यावर डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर किती बेमालूम रचलंय! परीक्षक असल्याचा संशय आला की सांगायचं, मला चवच लागत नाही. ह्याहून चांगली गोष्ट पिंपवाल्यालासुद्धा सुचली नसती.

पाहुणी हात धुवायला मोरीवर गेली. सुनेनं चार वाट्यांत रस्सा वाढला, आणि पाहुण्याच्या वाटीत मीठ घातलं. चमचाभर. मग, पहिल्या चमच्यानं माणूस नाटक करू शकतो असं वाटून, आणखी एक.

पाहुणा जेवायला बसला. पाव मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी. त्याचा चेहरा हलला नाही. भुवई नाही, गालाची शीर नाही. त्यानं दुसरा घास बुडवला, तिसरा. वाटी जवळजवळ संपली तेव्हा त्याला ती समोर उभी असलेली दिसली, आणि तो ओशाळून हसला. ‘छान झालाय हं,’ तो म्हणाला. ‘आणखी थोडा चालेल.’

पाहुणीनं मधेच हात घालून त्याच्या वाटीतला तळाचा रस्सा आपल्या पावानं पुसून घेतला, बहुधा सवयीनं, बायका घेतात तसा, आणि तोंडात घातला. चावायची ती थांबली. तिनं सुनेकडे बघितलं. कसंबसं गिळलं.

‘मी वाढते त्यांना,’ पाहुणी म्हणाली. उठली, वाटी घेतली, मोरीवर नेऊन विसळली, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. सुनेला वाटलं, दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

*

ट्रॅक्टरवर तिनं थोरल्याला सगळं सांगितलं. मीठ सोडून.

थोरला एवढा हसला की त्यानं चिखलात चाक घातलं. ‘बेकरीवाला!’ तो म्हणाला. ‘आणि आपण आठवडाभर पालथे पडून...’ मग गंभीर होऊन म्हणाला, ‘पुढच्या खेपेला अंथरूण घालू. जेवढी वाचली असतील तेवढी.’

कारखान्याच्या आवारात काटेवाला छपराखाली उभा होता. जाडसर, हळू बोलणारा माणूस. गळ्यात एक छोटी नळी लटकवलेली. तिच्या काचेवर द्राक्षाचा थेंब दाबायचा, नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, की गोडी कळायची. इतक्या वर्षांत त्यानं ह्यांचे क्रेट कधी फारसे बघितले नव्हते. एक द्राक्ष घ्यायचं, नळीतून बघायचं, ‘ठीक’ म्हणायचं.

आज त्यानं बघितलं, आणि काच पुसून पुन्हा बघितलं. दुसऱ्या क्रेटमधून घेतलं. तिसऱ्या क्रेटच्या पार तळाशी हात घातला. सुनेला त्या वेळी अभिमानच वाटला. घाल हात, घाल कोपरापर्यंत.

‘हा माल कुणाचा?’ काटेवाल्यानं विचारलं.

‘आमचा,’ थोरला म्हणाला.

‘तुमचा नाही.’

‘म्हणजे?’

‘तुमचा माल मला डोळे मिटून ओळखता येतो. त्याला एक आंबूस कड असते, वाइनला बरी पडते ती. हा नुसता गोड. तळापासून वरपर्यंत एकसारखा.’ त्यानं नळी गळ्यात सोडली. ‘पलीकडच्या उतारावर रात्री चोऱ्या होतायत, माहीत आहे ना? दोन मळे खुडून नेलेत.’

‘आम्ही चोर आहोत?’ थोरल्याचा आवाज चढला. ‘आमच्या डोंगरपट्टीचा माल आहे हा! हिनं तोडलाय, विचारा!’

‘बरं,’ काटेवाला शांतपणे म्हणाला. ‘डोंगरपट्टीचा. मग इतकी वर्षं काय आणत होतात?’

छपरावरून पाणी गळत होतं. मागे रांगेत दोन ट्रॅक्टर येऊन उभे राहिले होते आणि त्यांच्यावरची माणसं माना लांब करून बघत होती. सुनेनं थोरल्याकडे बघितलं नाही. तिला माहीत होतं, ह्या प्रश्नाला उत्तरं दोनच आहेत, आणि दोन्हींनी घर जातं. एकानं चोर म्हणून, दुसऱ्यानं लबाड म्हणून.

‘चुकून...’ थोरला म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ‘वळणावर सगळ्यांचे क्रेट ठेवलेले असतात. अंधारात दुसऱ्याचे भरले गेले असतील.’

‘असंच काहीतरी असणार,’ काटेवाला म्हणाला. ‘इथे बाजूला उतरवून ठेवा. उद्या तुमचा माल आणा. तुमचा म्हणजे तुमचा, दरवर्षीचा. तो नाही आला, तर मग मला वर कळवावं लागेल.’

दोघांनी आपल्याच हातांनी क्रेट उतरवले. रांगेतलं कुणी मदतीला उतरलं नाही.

*

‘खालचा मळा शेजाऱ्यांचा,’ म्हातारी म्हणाली, ‘वरचा मळा चोरांचा. आपलं काय राहिलं मग? उंबरा?’

धाकटा भिंतीकडे बघत होता. ‘पण त्याला कळतं कसं? सगळ्यांचाच माल एका पिंपात जातो.’

‘जाऊ दे,’ थोरला म्हणाला. ‘उद्या सकाळी नदीपट्टी.’

दारात पाहुणी उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ‘आम्ही येऊ का तुमच्याबरोबर?’ ती म्हणाली. ‘कारखान्यावर. आम्ही सांगू की, आमच्या डोळ्यांसमोर तोडलीत तुम्ही. आम्ही रोज तिथेच होतो.’

साक्षीदार घरात, वरच्या खोलीत, आणि त्याचा काही उपयोग नाही. तिनं तोंड उघडलं की काटेवाला पुन्हा तोच प्रश्न विचारणार.

‘नको,’ सून म्हणाली.

‘का पण? तुम्ही चोरी केली म्हणतायत ना ते?’

‘नको, ताई. आमचं आम्ही बघतो.’

पाहुणी तिच्याकडे बघत राहिली. दुपारी रश्श्याच्या वाटीवरून बघितलं होतं तसंच. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे थांबतं ते सुनेला आता अगदी स्पष्ट दिसलं. निर्दोष माणूस साक्षीदाराला नको म्हणत नाही, हे बेकरी चालवणाऱ्या बाईला कळत असणारच. ती जिना चढून गेली. थोड्या वेळानं वरच्या खोलीच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

सकाळी पाऊस थांबला होता. नदीपट्टीत चिखल घोट्यापर्यंत. निम्मे घोस उकलून तपकिरी पडले होते आणि आंबट वास सुटला होता. चिलटं नाकातोंडात जात होती. चांगला घोस शोधायला पाच वाईट बाजूला करावे लागत. म्हातारीसुद्धा पाट सोडून उभ्यानं तोडत होती, एक हात कमरेवर.

रांगेच्या टोकाशी पाहुणा आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बायको बरोबर नाही.

‘हा तर शेजाऱ्यांचा मळा ना?’ त्यानं विचारलं.

धाकट्यानं घसा खाकरला. ‘शेजाऱ्यांनी... दिला.’

‘कधी?’

‘काल.’

पाहुण्यानं मान हलवली. त्याला पटलं नव्हतं हे उघड होतं. तरी त्यानं क्रेटवरची जादाची कात्री उचलली आणि रांगेत शिरला. तोडताना तो सगळं तोडायचा, उकललेलं, कुजलेलं, सगळं.

‘अहो, वास घेऊन बघा की!’ म्हातारी ओरडली.

सुनेनं सासूचा हात धरला. म्हातारीच्या ध्यानात आलं. तिनं पुढे होऊन पाहुण्याच्या क्रेटमधून कुजके घोस काढायला सुरुवात केली. तो टाकायचा, ती काढायची. असं बराच वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली, ‘हळू तोडा हो. तुमच्यामागे धावायचं वय नाही माझं.’ तो हसला, आणि खरंच हळू तोडायला लागला.

सून जवळच्या वेलीशी होती. मिठाचं त्याला सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यानं त्या रश्श्याला छान म्हटलं होतं, आणि सांगितलं तर त्याच्या हातातलं तेवढंही जाईल, असं तिला वाटलं. तिनं क्रेट पुढे सरकवला.

दुपारच्या आत पाहुणे निघाले. आणखी दोन दिवस राहणार होते. पाहुणीनं अंगणातून डोंगराकडे बघितलं, ‘येतो’ म्हणाली. ‘सुंदर आहे’ म्हणाली नाही.

*

काटेवाल्यानं नळी उजेडाकडे धरली. थोरला एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. अंथरूण यंदा जरा जाड झालं होतं. पांघरुणाला डोंगरपट्टीत फारसं काही उरलंच नव्हतं. काटेवाल्यानं क्रेटमध्ये हात घातला. मनगटापर्यंत. तिथे बोटांनी त्यानं चाचपून बघितल्यासारखं केलं, आणि हात काढून घेतला.

‘आता कसं,’ तो म्हणाला. ‘हा तुमचा.’

आणि तो हसला, अगदी जरासा, एका बाजूनं. सुनेनं ते हसू पाहिलं. ह्याला माहीत होतं? कधीपासून? पहिल्या सालापासून, सासऱ्यांपासून? आणि कालचं सगळं कशासाठी होतं मग? ती त्याच्या चेहऱ्यावर काही सापडतं का शोधत राहिली. तो क्रेट मोजायला पलीकडे गेला होता.

कालचे क्रेट भिंतीशी तसेच होते. पावसाचे शिंतोडे उडून द्राक्षांवरची निळसर पावडर जागोजागी धुतली गेली होती. खालून काळी चकचकीत साल दिसत होती.

‘ह्यांचं काय?’ थोरल्यानं विचारलं. आवाज नको तितका सहज.

‘मालक आला तर त्याचे,’ काटेवाला म्हणाला. ‘नाही आला तर कारखान्याचे. इतका चांगला माल टाकून थोडाच देणार! वेगळं पिंप लावू म्हणतायत ह्याला.’

थोरला ट्रॅक्टरकडे वळला. सून त्याच्यामागे निघाली आणि भिंतीशी थांबली. तिची बोटं तो माल ओळखत होती. तो कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. ती वाकली, सगळ्यात वरच्या क्रेटमध्ये दोन घोसांच्या मधे हात घातला.

‘ओ बाई!’ काटेवाला पलीकडून ओरडला. ‘हात लावू नका! दुसऱ्याचा माल आहे तो!’

रांगेतली माणसं वळली. थोरला ट्रॅक्टरच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच थांबला. त्याची पाठ तेवढी दिसत होती.

सुनेनं हात बाहेर काढला. बोटांत एक ओलं, फाटकं पान होतं.

‘पान राहिलं होतं,’ ती म्हणाली, आणि ते खाली टाकून ट्रॅक्टरवर चढली.